उत्तमरावांचं मोटारींबद्दलचं मत

मध्य प्रदेशातल्या, पण नागपूरला लागून असलेल्या सौंसरच्या पोस्टात उत्तम सोमकुवर नावाचा एक पोस्टमन होता. त्याच्यापाशी सायकल सोडून दुसरं वाहन नव्हतं, आणि त्या सायकलीचंही मागचं मडगार्ड तारेने बांधलेलं होतं. असं असूनही सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत ज्याला म्हणून चार चाकं घ्यायची असत, तो आधी उत्तमला विचारी आणि मग बायकोला. काही जण तर बायकोला विचारतच नसत.

हे वेड त्याला कुठून लागलं, ते सांगायला हवं. इकडे पोस्टमनचं काम पत्र देऊन निघून जाण्याने संपत नाही. ते वाचूनही दाखवावं लागतं. पायरीवर टेकायचं, पाकीट फोडायचं, ‘बाकी सर्व खुशाल’पर्यंत पोचायचं, दुःखाची बातमी असली तर आधी पाणी मागायचं. उत्तम मॅट्रिक झालेला, आवाज स्वच्छ, त्यामुळे त्याचा फेरा नेहमी दुपार टळून गेल्यावर संपायचा. त्या फेऱ्यातच केशवरावांचं घर होतं.

केशवराव म्हणजे बोरगाव रस्त्यावरच्या संत्र्याच्या बागांचे धनी. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी दोन मोटार कंपन्यांचे शेअर घेऊन ठेवले होते, आणि दर वर्षी त्या कंपन्यांचे जाडजूड इंग्रजी अहवाल टपालाने यायचे. केशवरावांना इंग्रजीचा गंध नव्हता. अहवाल यायचा, कपाटावर चढायचा आणि होळीच्या सुमाराला कुठे तरी बेपत्ता व्हायचा. एका वर्षी त्यांनी सहज म्हटलं, “उत्तम, तू सगळ्यायचे कागदं वाचते, आमचा बी वाचून दाखव ना एखाद डाव.”

उत्तमने तो घरी नेला, शब्दकोश घेऊन आठ दिवस त्याच्याशी झटला, आणि नवव्या दिवशी येऊन सगळा उलगडून सांगितला. गाड्या किती बनल्या, किती खपल्या, नफा कुठे गळाला. त्या दिवशी केशवरावांनी ओसरीवर त्याच्यासाठी खुर्ची मागवली.

ही खुर्ची साधी गोष्ट नव्हती. उत्तमचे वडील दादाराव यांनी याच घराच्या बागेत तीस वर्षं संत्री तोडली होती, आणि आठवड्याच्या मजुरीच्या दिवशी ते या ओसरीच्या खाली, अंगणात, उन्हात उभे राहत. त्यांना वर कोणी बोलावलं नाही. उत्तम खुर्चीवर बसला तेव्हा त्याचे पाय क्षणभर जमिनीला टेकेनात. आपण इथे बसलोय हे बाबांनी पाहायला हवं होतं, असं त्याला फार वाटलं. केशवरावांचे वडील ‘मालक’ होते. उत्तमने मात्र ठरवून ‘केशवभाऊ’ म्हणायला सुरुवात केली, आणि केशवराव ते चालवून घेत.

मग दर वर्षीचा प्रघातच पडला. अहवाल आला की खुर्ची, चहा, आणि ओसरीवर दहा-बारा मंडळी. हळूहळू उत्तमला त्या आकड्यांची चटकच लागली. वाचनालयात नागपूरहून येणारी इंग्रजी वर्तमानपत्रं तो उभ्या उभ्या चाळून काढी, आणि मोटारीची बातमी असली की दुपारपर्यंत ती अर्ध्या सौंसरला ठाऊक होई.

त्र्याऐंशी साली मारुती निघाली तेव्हा सगळे हसले. ओसरीवर कोणी म्हणालं, ही तर आगपेटी आहे. कोणी म्हणालं, बोरगावच्या रस्त्यावर हिचा चुरा होईल. उत्तम म्हणाला, “हसा. दहा वर्षानं रस्त्यावर दुसरी गाडी शोधून दाखवा मले.”

“कायच्या भरवशावर बोलून राहिला बे तू?”

“रांगेच्या. आतापर्यंत गाडी नोंदवली का माणूस वर्षानुवर्षं रांगेत उभा राहे. गिऱ्हाईक पळून जात नाही म्हटल्यावर कंपनी कायले हातपाय हालवते? तेच इंजिन, तोच पत्रा, समोरची जाळी बदलली का झालं नवीन मॉडेल. आता पळायले जागा झाली ना. आता पाहा कसे सगळे धावतात ते.”

आणि धावलेच की. चौऱ्याऐंशीत काँटेसा आली, उत्तम म्हणाला, गाडी राजेशाही आहे पण पेट्रोल पिणाऱ्याला आता कोणी दारात उभं करणार नाही. जपानी नावांचे चार नवे छोटे ट्रक एकामागून एक बाजारात उतरले, तेव्हा संत्र्याच्या व्यापाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. उत्तम म्हणाला, बाजार दोघांपुरता आहे आणि जेवायला चौघे बसलेत, पंगतीतून दोघे उठणार. थांबा, टाटा गप्प बसणार नाही. शहाऐंशीत टाटाचा छोटा ट्रक, चारशे सात, आला. त्या दिवशी पांढुर्ण्याच्या एका व्यापाऱ्याने चौकात सायकल अडवून उत्तमला मिठी मारली, कारण तो सहा महिने थांबला होता.

इतकं सगळं बोलणारा हा माणूस एकाही नव्या गाडीत बसलेला नव्हता. मारुती त्याने पाहिली होती ती नागपूर-छिंदवाडा बसच्या खिडकीतून, मागे जाताना. इंजिन पुढची चाकं ओढतं म्हणजे वळणावर अंगाला कसं वाटतं, हे त्याला कागदावर पाठ होतं. अंगाला काहीच ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षं तीच गल्ली, तेच दरवाजे, तीच कुत्री. वर्षाला एकदा अहवालातली गुळगुळीत चित्रं. कधी कधी जामसांवलीच्या फाट्यावर सायकल टेकून तो नागपूरच्या दिशेने पाहत राही. आपण असेच इथल्या इथे संपणार, ही भीती त्याला चाळिशीत धरून बसली होती.

म्हणून त्याने नागपूरला बदली मागितली. पोस्टमनच राहायचं होतं, पण नागपूरच्या एखाद्या अशा फेऱ्यात, जिथे मोटारींचं शोरूम असेल. रोज टपाल द्यायला आत जाता येईल, दार उघडून पाहता येईल, विकणाऱ्यांशी दोन शब्द बोलता येतील. राज्य बदलायचं म्हणजे इतक्या वर्षांची ज्येष्ठता सोडून नव्या यादीत तळाशी बसायचं. त्याने तेही कबूल केलं. वर्षभर अर्ज फिरला, आणि सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मंजुरी आली. जुलैत रुजू व्हायचं होतं. त्याची बायको पुष्पा हिने नागपुरात तिच्या बहिणीमार्फत खोली पाहून ठेवली, पितळेची भांडी पोत्यात घालून बांधली, शेजारणीला तुळशीची कुंडीही देऊन टाकली.

एकच गोष्ट उत्तमच्याने झाली नाही. बदली आपण मागितली, हे त्याला गावाला सांगवेना. ज्या घरांत त्याने जन्ममरणाची पत्रं वाचली, त्या घरांत जाऊन ‘मला तुमच्यातून निघायचंय’ म्हणायचं कसं? म्हणून ओसरीवर केशवरावांनी ‘जाऊन राहिला म्हणे तू?’ असं विचारलं तेव्हा तो खाली पाहून इतकंच म्हणाला, “बदली आली जी, केशवभाऊ. काय करता? सरकारी नोकरी.”

“आली? अशी कशी आली?” केशवरावांचा आवाज चढला. “एकोणीस वर्षं पत्रं वाटणाऱ्या माणसाले उचलून फेकून देऊन राहिले हे?”

उत्तमने टपालाची पिशवी उचलली. त्याच वेळी खरं बोलला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण भिडस्त माणसाची जीभ नेमकी जिथे हवी तिथे टाळूला चिकटते, त्याला कोण काय करणार?

महिना गेला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एक रजिस्टर पाकीट आलं, जिल्ह्याच्या गावाहून, छिंदवाड्याहून, टपाल खात्याचा शिक्का असलेलं, केशवरावांच्या नावाचं. उत्तमनेच ते नेलं. सही घेतली. बंद पाकीट सांगितल्याशिवाय फोडायचं नाही, हा त्याचा नेम; आणि हिंदी असेल तर केशवरावांना त्याची गरजही नव्हती. केशवरावांनी ते फोडलं, वाचलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. कागद खिशात घालून ते म्हणाले, “उत्तमराव, परवा संध्याकाळी गाडी पाठवतो तुमाले. पुष्पाबाईले बी घेऊन या. गावानं एक कार्यक्रम ठेवला आहे तुमचा.”

आजवर ते ‘उत्तम’ म्हणत. आज ‘राव’ लागलं. निरोप समारंभ आहे, हे उत्तमने ओळखलं. एवढ्या प्रेमाची त्याने अपेक्षाच केली नव्हती. घरी जाऊन त्याने पुष्पाला सांगितलं तेव्हा दोघांचे डोळे ओले झाले.

परवा पाच वाजता केशवरावांची मारुती दारात उभी राहिली. उत्तमच्याच सल्ल्याने त्र्याऐंशीत नोंदवलेली, याच महिन्यात हाती आलेली, पांढरी. ड्रायव्हर चिंधू म्हणाला, “बसा जी, समोर बसा.” पुष्पा मागे बसली. उत्तमने दार लावलं, आवाज नीट ऐकला, पुन्हा उघडून पुन्हा लावलं. बस स्टँडच्या वळणावर गाडी वळली तेव्हा त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवून डोळे मिटले. कागदावर वाचलं होतं तसंच होतं. चिंधूने विचारलं, “कशी वाटते?” त्याने खिडकीची काच खाली-वर करून पाहिली. नागपूरला आपण रोज हे पाहणार, एवढंच त्याच्या मनात होतं. तो खरोखर सुखी होता.

शाळेच्या पटांगणात तीन-चारशे माणूस जमलं होतं. हार झाले, शाल झाली, नारळ झाला. मग केशवराव उठले आणि म्हणाले की उत्तमरावांवर झालेला अन्याय सौंसरने सहन केला नाही. बेचाळीस जणांच्या सह्यांचा अर्ज छिंदवाड्याला गेला होता, आणि त्याचं उत्तर आलं आहे. त्यांनी कागद काढून वाचला: “जनभावना को देखते हुए उक्त स्थानांतरण निरस्त किया जाता है.”

म्हणजे बदली रद्द! टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरं उड्या मारायला लागली. उत्तमला वाटलं की आपल्याला ऐकू यायचं बंद झालंय. समोर हात हलत होते आणि आवाज फार लांबून येत होता. बायकांच्या बाजूला पुष्पा उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला होता, आणि शेजारची बाई आनंदाने तिची पाठ थोपटत होती.

केशवरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, माइक त्याच्या तोंडाशी आणला. “सांगा उत्तमराव, राहता ना आता आमच्यात? खुश?”

नाही म्हणायला हीच वेळ होती, याहून चांगली कधी येणार नव्हती. समोर ओळखीचे चेहरे होते, ज्यांच्या घरातल्या पत्रांतली अक्षरंही त्याला ओळखता येत होती.

“राहतो जी,” उत्तम म्हणाला. “तुमचे लय उपकार.”

खाली उतरल्यावर बोरगावच्या एका बागाईतदाराने त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं की मारुतीची व्हॅन घ्यावी की जीप. उत्तमने त्याला दोन्हींचं वजन, ओढ आणि पेट्रोल समजावून सांगितलं, अगदी नीट, एकही आकडा न चुकता. तो माणूस म्हणाला, “बरं झालं बाप्पा, तुमी गेले असते तर आमी विचारलं असतं कोणाले?”

परत जाताना चिंधू गाडीत बडबडत होता. या वेळी उत्तम पुढे बसला नाही.

घरात शिरल्यावर पुष्पाने दार लावलं. भांड्यांची पोती भिंतीशी तशीच होती.

“तुमी कायले उपकार मानले त्यायचे?”

उत्तमने शाल काढून ठेवली. “काय म्हणू मग? तीनशे लोक होते.”

“म्हणायचं, बदली मीच मागतली होती. मले जायचं हाये. परत अर्ज करा. उद्याच करा.”

“आता कसा करू? माइकवर बोललो ना मी, राहतो म्हणून. आता अर्ज केला तर साऱ्या गावाच्या तोंडावर थुकल्यासारखं होईल.” तो पोत्यावर टेकला. “अन् त्यानं विचारलं ना, पुष्पा. चारचौघांत, खांद्यावर हात ठेवून विचारलं, राहता का म्हणून. माझ्या बाबाले तीस वर्षांत त्या घरानं कधी काही विचारलं नव्हतं. मले नाही म्हणवलं नाही.”

पुष्पाने एकदम त्याच्याकडे वळून पाहिलं. तिचा राग गेला होता, त्यामुळे ते ऐकणं आणखी अवघड झालं.

“तुमाले बी नाही विचारलं त्यानं,” ती म्हणाली. “आधी कागद फिरवला, मंग विचारलं.”

आणि ती पोत्याची दोरी सोडायला बसली, कारण रांधायला भांडी लागणार होती.