तबकडीसाहेब आणि गढूळ खाडी

पदनाम: किनारी जल-पारदर्शकता निरीक्षक, श्रेणी तीन. कर्तव्य: दर मंगळवारी भर बाराला खाडीच्या मध्यावर काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडणे व ती दिसेनाशी होताच खोलीची नोंद करणे. उपकरणे: तबकडी एक, दोरी एक, डोळे दोन (कर्मचाऱ्याचे स्वतःचे).

धक्क्यावर सगळे त्यांना तबकडीसाहेब म्हणत. एकवीस वर्षांत त्यांचा एकही मंगळवार चुकला नव्हता. पूर्वी तबकडी सहा मीटरवर गडप व्हायची. मग पाचवर, मग चारवर. खाडीचं काही खरं नव्हतं. कार्यालयाने आधी गटारांवर ठपका ठेवला, मग रंगाच्या कारखान्यावर, शेवटी जेलीफिशवर. गटारं वळवली, कारखान्याला नोटीस गेली. जेलीफिशची नोटीस कुठल्या पत्त्यावर धाडायची, यावर फाइल अडली.

आता आकडा तीनवर आला होता. तीनच्या खाली गेला की मासेमारी बंद. आणि साहेबांना मंगळवारी खाडीत नेणारी होडी त्यांच्याच मेहुण्याची. उरलेले सहा दिवस त्याचं पोट त्याच पाण्यावर.

“दाजी, मला दिसतेय की अजून!” मेहुणा कळवळून म्हणे.

“तुला तर तळसुद्धा दिसेल. गरजवंत ना तू!” नात्यापायी आकडा फुगवणाऱ्यांतले साहेब नव्हते.

घरी बायकोने तोफ डागली. “माझ्या भावाला घरी बसवताय, पण काल शेजाऱ्यांच्या कुलपाला दहा मिनिटं किल्ली लावत होतात, त्याचं काय?”

“कुलपं हल्ली हलकी येतात,” साहेब म्हणाले.

पुढच्या मंगळवारी ते होडीच्या काठावरून वाकले. “सोड.” पाण्याकडे एकटक पाहिलं. मग जड आवाजात म्हणाले, “गेली. किती भरलं?”

मेहुणा मान खाली घालून काहीतरी खटपट करत होता.

“तोंड काय पाडतोस? आकडा बोल.”

“दाजी, दोरीचा गुंता सुटेना. तबकडी अजून माझ्या मांडीवर आहे.”

साहेबांनी वळून पाहिलं. आधी मेहुणा सापडला, मग मांडी, मग बऱ्याच प्रयत्नांनी तबकडी. नियमाने नोंद शून्य मीटरची व्हायला हवी होती. त्यांनी जन्मात पहिल्यांदा रकाना कोरा ठेवला.

दुसऱ्या दिवशी बायकोने त्यांना दंडाला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू; दोन्हीकडे, चांगला पिकलेला. उजवा डोळा आधी उरकला. महिन्याभराने तबकडी पुन्हा सहा मीटरवर गेली, मासेमारी चालू राहिली, आणि मेहुणा दाजींना वाकून नमस्कार करू लागला, तोही उजव्या बाजूने.

साहेबांनी घडलं ते सगळं तीन पानांत लिहून वर पाठवलं. ते ‘किरकोळ’ फायलीत लागलं. वार्षिक अहवालात मजकूर आला तो असा: ‘एकात्मिक उपाययोजनांमुळे खाडीच्या पारदर्शकतेत शंभर टक्के सुधारणा झाली असून, पुढील वर्षी आणखी सुधारणा अपेक्षित आहे.’

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.