चार खोल्यांचं एस्टिमेट

पोरांना घामोळं येतं म्हणून मी आणि माझ्या भावाने जाहीर करून टाकलं, की यापुढे मे महिन्यात भोपाळला यायचं नाही. आम्ही दोघंही पुण्यात, आई-बाबा तिकडे. बाबांनी ते फारच मनाला लावून घेतलं. उभी हयात गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून काढलेली. त्यांना वाईट वाटलं की ते टेप घेऊन उठतात. जानेवारीत मी गेले, तेव्हा ते स्टुलावर चढून छत मोजत होते.

"चार खोल्या, चार एसी. उन्हाळ्यात गार, थंडीत गरम. मग बघतो कशी येत नाहीत पोरं!"

खिडक्या, पश्चिमेची भिंत, बल्ब, सगळं मोजून झालं. माणसाच्या अंगातूनही उष्णता निघते म्हणे, म्हणून खोलीवार डोकीही मोजली. माझ्या नवऱ्याच्या पोटाकडे बघून आमच्या खोलीत उष्णता थोडी जास्तच धरली.

एसीवाला आला. "अंकल, चारों रूम में लगवा लो, रेट बढ़िया लगा दूंगा. बस मीटर का लोड बढ़वाना पड़ेगा."

आकडा ऐकून बाबांनी चहा बशीत ओतला आणि प्यायचा विसरले. मग म्हणाले, "एफडी मोडू."

आई मटार सोलत होती. "अहो, चार खोल्यांत दारं लावून झोपायचं, तर पोरांनी इथे यायचं कशाला? तशी ती पुण्यातही झोपतातच की."

"अगं, पण हिशेबाप्रमाणे..."

"मे महिन्यात या घरात कोण कधी आपापल्या खोलीत झोपलंय?"

कोणीच नाही. हॉलमध्ये एकच कूलर, आणि त्याच्यापुढे गाद्या टाकून अख्खं घर. कूलरसमोरच्या जागेवरून मी भावाशी कितीदा तरी कट्टी केली असेल. बाबाही तिथेच घोरायचे. तरी कागद हातात आल्याबरोबर त्यांनी आम्हाला खोल्याखोल्यांत वाटून टाकलं होतं. मला हसू आवरेना.

बाबांनी कोरा कागद घेतला. हॉल. नऊ डोकी. एक मोठा एसी. एसीवाल्याचं तोंड एवढंसं झालं.

मे महिन्यात आम्ही सगळे गेलो. आमरस चापून नऊही जण दुपारी हॉलमध्ये आडवे. बाबा मानाने अगदी एसीसमोर. थोड्याच वेळात त्यांचा आवाज आला, "अगं, कमी कर तो, गारठलो मी."

आईने त्यांच्या अंगावर चादर टाकली आणि रिमोट हळूच उशीखाली सारला. मी बघतेय म्हटल्यावर मला डोळ्यांनीच दटावलं. थंडीने सरकत सरकत चिल्लीपिल्ली तिच्या कुशीत येऊन चिकटली होती.