कंडक्टरचं इंजिन

आवाज फार मोठा झाला नाही. बिस्किट मोडल्यावर होतो, तेवढाच. फेब्रुवारीतला शनिवार होता, बाहेर बर्फ पडत होता आणि मी बेसमेंटमधल्या टेबलाशी बसून खेळण्यातल्या एका जुन्या रेल्वे इंजिनाचं वरचं कवच काढायच्या खटपटीत होते. स्क्रू सगळे निघाले होते. कवच मात्र जागचं हलत नव्हतं. मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक फटीत घातलं, किंचित पिळलं, आणि केबिनचं छप्पर माझ्या हातात आलं. पाठोपाठ बॉयलरला आडवा तडा गेला आणि डोळ्यांदेखत त्याचे तुकडे टेबलावर पडले.

इंजिन माझं नव्हतं.

ज्यांचं होतं ते शिकागोला जाणाऱ्या गाडीवर कंडक्टर होते. नेपरव्हिलहून त्याच दुमजली गाडीने मी नऊ वर्षं ऑफिसला गेले. ते तिकीट बघायचे, मी मान हलवायची, यापलीकडे आमचा संबंध नव्हता. पुढे मी घरून काम करायला लागले आणि ते रिटायर झाले. मग एका रविवारी मी आणि नवरा गावाबाहेरच्या जत्रेच्या मैदानावर जुन्या वस्तूंचा बाजार बघायला गेलो होतो. शेजारच्या लांबलचक शेडमध्ये ट्रेन शो चालू होता, म्हणून आत डोकावलो. टेबलांच्या रांगाच रांगा, आणि प्रत्येक टेबलावर जुन्या खेळण्यातल्या गाड्या. पत्र्याच्या, ओतीव धातूच्या, गंजलेल्या, खोक्यासकट, खोक्याविना. एका टेबलामागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाने वर बघितलं आणि म्हटलं, "दुसरा डबा. वरचा मजला. उजवीकडची खिडकी."

मला क्षणभर कळलं नाही. मग टोपीशिवायचा तो चेहरा ओळखू आला.

त्या दिवशी मी त्यांच्याकडून एक बंद पडलेलं इंजिन घेतलं, निव्वळ गंमत म्हणून. माझ्या बाबांचं अमरावतीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सोल्डरिंगला ते 'डाग देणं' म्हणायचे, आणि दहावीपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसून डाग देत असे. त्यानंतर इंजिनिअरिंग, मग अमेरिका, मग पंचवीस वर्षं कॉम्प्युटरसमोर. हातांना काही काम असतं हेच विसरले होते. तिसऱ्या दिवशी ते इंजिन रुळांवर खुरडत पुढे सरकलं आणि मी एकटीच बेसमेंटमध्ये मोठ्याने हसले.

मग प्रत्येक शोला जाणं आलं. अडलं की मी त्यांच्या घरी जायची. ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मला शिकवायचे. मोटरमधले कार्बनचे ब्रश कसे बदलायचे, चाकांचा मळ कसा काढायचा, तेलाचा एक थेंब म्हणजे एकच थेंब. बोलणं इंग्रजीतच व्हायचं, पण मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणत असे. कौतुक त्यांच्या तोंडून फारसं निघत नसे. काम नीट झालं तर "हं" म्हणायचे. त्या "हं"साठी मी आठवडा आठवडा खपत होते.

गेल्या वर्षापासून त्यांचे हात थरथरायला लागले. बारीक स्क्रू पकडता येईना. त्यांनी शोमधलं टेबल बंद केलं, बहुतेक गाड्या विकल्या. जानेवारीत एकदा मला बोलावून त्यांनी बुटाच्या खोक्यातून एक इंजिन काढलं. काळं, जड, चाकांवरचा लाल रंग उडालेला.

"हे माझ्या वडिलांनी आणलं होतं. तेव्हाही जुनंच होतं, कुणाचं तरी वापरलेलं. मी सात वर्षांचा होतो. पुढच्या उन्हाळ्यात वडील गेले."

केबिनच्या छपराच्या कडेला एक खाच होती. जिन्यावरून पडलं होतं, म्हणाले, तेव्हा बहिणीने आणि त्यांनी मिळून मार खाल्ला होता. बोलताना त्यांचा अंगठा त्या खाचेवरून फिरत होता.

"तीस वर्षांत चाललेलं नाही. माझं हात लावायचं राहून गेलं, आणि आता हे हात असे झाले. तू कर."

मग त्यांनी मला बजावलं. ते शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. "हे त्या काळातलं जस्त आहे. ओतताना शिशाचा अंश राहिला असेल तर ते वर्षानुवर्षं आतल्या आत फुगतं, ठिसूळ होतं. वरून कळत नाही. कवच आपोआप सुटलं तर काढ. नाही सुटलं, तर तसंच परत आण. जोर लावायचा नाही."

मी जोर लावला.

का लावला, याचं उत्तर मी नंतर स्वतःला अनेक प्रकारे दिलं. खरं एवढंच की मला ते "नाही सुटलं" म्हणून परत न्यायचं नव्हतं. मला ते चालवून दाखवायचं होतं.

तुकडे मी एका स्टीलच्या डब्यात भरले. खाच असलेला तुकडा वेगळा कागदात गुंडाळला. नवरा खाली आला, त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं गं?" मी सांगितलं.

"मोटर ठीक आहे ना? मग वरचं कव्हर दुसरं मिळेल की."

"ते त्यांच्या वडिलांचं होतं."

"अगं, सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांना काय कळणार आहे? ऐंशीच्या पुढचा माणूस. खरं सांगून त्यांना त्रासच देशील."

तो वाईट हेतूने बोलत नव्हता. आणि मला नेमकं तेच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन तासांवरच्या एका गावात शो होता. बर्फातून गाडी चालवत मी दार उघडायच्या आधी जाऊन रांगेत उभी राहिले. आत एकेक टेबल पालथं घातलं. हे मॉडेल फारसं मिळत नाही, आणि मिळालं तरी त्याला तोच रोग लागलेला. अकरा वाजले, बारा वाजले. शेवटच्या रांगेत एका धिप्पाड माणसाच्या हातात मला ते दिसलं. तेच इंजिन, तीच केबिन. तो उलटंपालटं करून बघत होता. मी दोन पावलांवर उभी राहून टेबलावरचे रूळ बघण्याचं नाटक करत राहिले. शेवटी फोन काढण्यासाठी त्याने इंजिन क्षणभर खाली ठेवलं.

मी ते उचललं.

"मी बघत होतो ते," तो म्हणाला.

"तुम्ही खाली ठेवलंत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. शोमध्ये लोक एकमेकांशी असं वागत नाहीत. तो माझ्याकडे बघत राहिला. विक्रेत्याने सांगितली ती किंमत देऊन मी मान खाली घालून बाहेर पडले.

विकत आणलेल्या इंजिनाचं कवच धड निघालं. मी काकांच्या इंजिनाची मोटर साफ केली, वायर बदलली, नव्या वायरला डाग दिला, आणि त्यावर हे कवच बसवलं. रुळांवर ठेवून ट्रान्सफॉर्मरची कळ फिरवली. इंजिन गुरगुरलं, थांबलं, मग चाललं. एरवी मी आनंदाने ओरडले असते.

त्यानंतर मी कानस घेतली. जुना तुकडा समोर ठेवून नव्या छपराच्या कडेला तशीच खाच पाडली. तिरकी, एका बाजूला खोल. ताजा धातू चमकत होता, म्हणून त्याच्यावर तेल आणि काजळी चोळली. हे करायला मला तासभर लागला, आणि त्या तासात माझा हात एकदाही चुकला नाही. इतकं सफाईचं काम मी तोवर केलं नव्हतं, हे मला आजही सोसत नाही.

बुधवारी दुपारी मी इंजिन घेऊन त्यांच्याकडे गेले. तुकड्यांचा डबाही गाडीत, मागच्या सीटवर होता. तो का घेतला होता ते मला सांगता येणार नाही. घरी ठेवायला नको वाटत होतं, एवढं खरं.

त्यांनी टेबलावर रुळांचा गोल आधीच मांडून ठेवला होता. दोन्ही हातांनी इंजिन घेतलं. हात थरथरत होते, त्यामुळे चाकं खडखडत होती. अंगठा सरळ छपराच्या कडेकडे गेला.

"हं," ते म्हणाले.

इंजिन गोलात फिरायला लागलं. चौथ्या की पाचव्या फेरीला त्यांनी फोन उचलला आणि ओहायोतल्या बहिणीला लावला. "ऐक," म्हणाले, आणि फोन रुळांजवळ धरला. पलीकडून म्हातारीच्या हसण्याचा बारीक आवाज आला. नंतर रडण्याचा.

मी कोट घातला, काहीतरी पुटपुटले आणि बाहेर पडले. गाडी सुरू करून रस्त्याच्या टोकापर्यंत गेले. स्टॉप साइनपाशी थांबले ती थांबूनच राहिले. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, मग वळसा घालून पुढे गेली. मी विचार केला की आता परत गेले तर त्यांचा आनंद जाईल, आणि नाही गेले तर तो अंगठा मला आयुष्यभर दिसत राहील. यातलं दुसरं कारण फक्त माझ्यापुरतं होतं, हेही तेव्हा कळत होतं. तरी मी गाडी वळवली.

त्यांनी दार उघडलं तेव्हा फोन अजून कानाला होता. माझ्या हातातला डबा बघून ते बहिणीला "नंतर करतो" म्हणाले.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. जोर लावला ते. दुसरं इंजिन आणलं ते. मग खाच कशी पाडली तेही सांगितलं. इंजिन अजून फिरत होतं. त्यांनी हात लांब करून ट्रान्सफॉर्मर बंद केला.

"खाच तू पाडलीस?"

"हो."

"बघून बघून?"

"हो."

त्यांनी डब्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मोडलंस ते मी समजू शकतो. माझ्याही हातून मोडली आहेत. पण ती खाच... मी आत्ताच बहिणीला सांगितलं की खाच अजून आहे."

मी सॉरी म्हटलं. त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला. "तू आता जा."

मार्च गेला. मी दोनदा फोन केला, उचलला गेला नाही. एक चिठ्ठी लिहून पाठवली, तिचंही उत्तर आलं नाही. एप्रिलच्या शोमध्ये मी आत गेले आणि त्यांची जुनी जागा दुसऱ्याच कुणाकडे गेलेली बघून दहा मिनिटांत परत फिरले. नवरा म्हणाला, "मी म्हटलं होतं, सांगू नकोस." मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण मी तुझ्या जागी असतो तर मलाही झोप लागली नसती, यार." बेसमेंटमधल्या टेबलावर मी चादर टाकून ठेवली.

मे महिन्यात त्यांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "गुरुवारी दोन वाजता ये. स्क्रू ड्रायव्हर आण."

गेले. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर ते इंजिन, माझ्या कवचासकट. ते समोरच्या खुर्चीत बसले.

"ते वरचं काढ. ते माझं नाही."

मी काढलं. ते माझ्या हातांकडे बघत होते. कवच अलगद सुटलं. त्यांनी ते बाजूला सारलं. उरली नुसती चाकं आणि उघडी मोटर.

"ठेव रुळांवर."

वर काहीच नसलेलं ते इंजिन फिरायला लागलं. मोटरमधून निळ्या ठिणग्या उडत होत्या, एरवी कवचाखाली त्या दिसत नाहीत. ते पुढे वाकून बघत होते. "हे तेवढं वडिलांचं," म्हणाले. "बहिणीला सांगितलं मी. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. जणू ते मीच मोडलं होतं."

मी विचारलं, "तुकडे चिकटवून बघू का? एपॉक्सीने..."

"नाही. त्यांना आता कुणी हात लावायचा नाही."

मग ते उठले, आतल्या खोलीतून एक खोकं घेऊन आले. त्यात गाडीचे न विकलेले दोन डबे आणि एक सिग्नल होता. सिग्नलचा दिवा लागत नव्हता. "हा बघ. पण घरी न्यायचा नाही. इथे, माझ्यासमोर."

तेव्हापासून मी दर गुरुवारी जाते. काम जेमतेम तासाभराचं असतं. पूर्वी मी काम करत असताना ते कॉफी करायला उठायचे, दारावर कुणी आलं तर बोलत उभे राहायचे. आता उठत नाहीत. माझा शेवटचा स्क्रू बसेपर्यंत माझ्या हातांकडे बघत बसतात. मला ते बोचतं. गेल्या गुरुवारी बारीक वायरला डाग देताना मी थांबले आणि विचारलं, "जमलंय का?" त्यांनी चष्मा वर केला, सांध्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "पुन्हा कर."

मी पुन्हा डाग दिला.