आबांच्या अर्ध्या ओळी

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत शाळेने माझ्या मुलीला कर्सिव्हचं पुस्तक दिलं. इंग्रजी अक्षरं एकमेकांना जोडून, पेन्सिल न उचलता गिरवायची, आणि वाक्यं सगळी मानवी शरीराची. हाडं कशी वाढतात, जीभ चव कशी ओळखते, असलं काहीबाही. अक्षर सुधारावं आणि विज्ञानही डोक्यात शिरावं, असा शाळेचा बेत. आमच्या कन्येच्या डोक्यात काडीचंही शिरत नव्हतं.

ते पुस्तक कामी आलं आबांच्या. आबा म्हणजे माझे वडील. त्यांचा सगळा जन्म पेणच्या गणपतीच्या कारखान्यात गेला आणि तिथेही काम एकच, आखणी. म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचे. अंगाला रंग कोणीही देईल, डोळे आबांनीच काढायचे. ते डावखुरे. डाव्या हाताने लिहितो म्हणून मास्तरांचा मार खाल्ला आणि शाळा सोडली. पुढे त्याच हातासाठी कारखानदार स्वतः आमच्या रामवाडीच्या घरी बोलवायला यायचे.

होळीनंतर आबांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. आई आधीच गेलेली, म्हणून मी त्यांना रोह्याला माझ्या घरी आणलं. नवरा कंपनीत, त्याची शिफ्ट कधी दिवसाची, कधी रात्रीची. तेव्हा सगळं माझ्याच गळ्यात. पाय हळूहळू उचलायला लागला, डाव्या हाताची बोटं मात्र जेमतेम हलत. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, हाताला रोज काहीतरी बारीक काम द्या. मी शेंगा सोलायला दिल्या, तर आबांनी ताट ढकलून दिलं.

"असली कामं माजी नाय गो."

मग एका दुपारी त्यांनी नातीचं पुस्तक ओढून घेतलं. इंग्रजीचं अक्षरही ओळखत नव्हते, पण रेघ न तोडता पुढे न्यायची एवढं त्यांना बघूनच कळलं. "ही तर आखणीच हाय," म्हणाले. आखणी करताना श्वास रोखतात, नाहीतर कुंचला हलतो. आबा अख्ख्या ओळीभर श्वास रोखायचे, तोंड लालबुंद व्हायचं, आणि पोरगी ओरडायची, "आबा, श्वास घ्या! मेंदूला हवा लागते, इथेच लिहिलंय!" आमच्या घरात तेव्हा तेवढंच हसू होतं.

रेघ दिवसेंदिवस सुधारत गेली. पण पोरीची तक्रार सुरू झाली, आबा अर्धंच लिहितात. मी पाहिलं. पुस्तकातलं वाक्य होतं, मेंदूची उजवी बाजू शरीराचा डावा भाग चालवते. आबांनी त्यातले शेवटचे दोन-तीन शब्द तेवढे उतरवले होते, पानाच्या उजव्या अर्ध्यात. डावा अर्धा कोरा.

"सुरुवात कुठंय आबा?"

"लिवलंय की सगळं."

मला वाटलं, कंटाळा करतात. चिडलेही. पण जेवताना बघितलं तर ताटातली डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच, आणि उजवीकडची भाजी चाटूनपुसून संपलेली. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, डोळ्यांत दोष नाही, मेंदूच डावीकडची दखल घेत नाही, आणि काही राहिलंय हेही त्यांना जाणवत नाही. बरं कधी होईल? तर म्हणे, "बघू." हा शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आबांना मी परोपरीने समजावलं. त्यांना काही ते पटलं नाही. आषाढ लागला, कारखान्यांत घाई सुरू झाली असणार हे त्यांना न सांगता कळत होतं, आणि त्यांनी धोशा लावला, "मला पेणला ने गो. हात आलाय माजा." हात खरंच आला होता, हीच तर पंचाईत होती. घरी बसवून ठेवलं असतं तर झुरून गेले असते.

शेवटी नेलं. एस.टी.त डावीकडची खिडकी मिळाली. नागोठणं गेलं, वडखळ आलं, पण आबांनी एकदाही बाहेर बघितलं नाही. कारखानदारांना मी आधीच फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यांनी एक लहान मूर्ती आबांच्या समोर पाटावर ठेवली. आजूबाजूचे कारागीर हातातलं काम थांबवून बघत राहिले.

आबांनी कुंचला बुडवला आणि श्वास रोखला. पापणीची रेघ, मग बुबुळ, मग त्यातला पांढरा ठिपका. उजवीकडचा डोळा असा उमटला की माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत त्यांनी याहून चांगला डोळा काढलेला मला आठवत नाही.

मग त्यांनी कुंचला धुतला, फडक्याला पुसला आणि खाली ठेवला. समोरून बघता डावीकडच्या डोळ्याची जागा कोरीच होती.

"झाली," आबा म्हणाले. "नजर कशी वाटतेय गो?"

त्या मूर्तीकडे मला बघवेना. "छान झालीय," मी म्हटलं.

आबांचा चेहरा खुलला. आजारपणानंतर पहिल्यांदाच. "मंग नुसते बघत काय बसलाव?" ते कारखानदारांना म्हणाले. "दुसरी आणा."

कारखानदारांनी ती मूर्ती उचलून आतल्या खोलीत नेली आणि दुसरी आणून आबांच्या पुढ्यात ठेवली.