वीरगळावरची बाई आणि ऑइल पेंट

"मावशी, तुमचा कॅमेरा चार दिवस द्याल का?" सारिकाने विचारलं. मी म्हटलं, कॅमेरा एकटा कुठे जात नाही. एवढ्यावर बीडचा प्रवास ठरला.

सारिका पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावर आणखी तीन मुलींसोबत भाड्याने राहते. कलेच्या इतिहासात बी.ए. करते, तिसरं वर्ष. मी बरीच वर्षं वर्तमानपत्रांसाठी प्रवासाबद्दल लिहिते, म्हणून तिच्या शोधनिबंधाचं मराठी तपासायचं काम माझ्याकडे आलं होतं. विषय तिच्याच गावचा, घाटनांदूरजवळच्या एका वाडीबाहेरचा वीरगळ. लढाईत मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ कोरलेला हा उभा दगड. असे दगड मराठवाड्यात पुष्कळ आहेत. खालच्या चौकटीत गाई आणि पडलेला वीर, मधे लढाई, वर शिवलिंगाची पूजा. सारिकाचं म्हणणं असं की या दगडावर गाईंच्या मागे काठी घेतलेली एक बाई आहे. अप्सरा नाही, सती नाही, गुरं राखणारी साधी बाई. पण ती इतकी झिजली आहे की बघणाऱ्याला नुसता उंचवटा वाटतो.

मोबाइलच्या फोटोत तोही धड दिसत नव्हता. तिच्या सरांनी सांगितलं होतं, सकाळच्या तिरप्या उन्हात चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढ. बाई दिसली तर हा विषय ठेव, नाहीतर दुसरा घे. हातात तीन आठवडे होते.

जानेवारीतल्या एका गुरुवारी पहाटे आम्ही एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाचं फार मनावर घेऊ नका. वेळ मात्र धरून चाला, पहाटे निघूनही अंबाजोगाईला पोचेपर्यंत दुपार कलते. जामखेडनंतर उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस, त्यावर माणसं. मांजरसुंब्याला बस थांबली तिथे शेवभाजी, ज्वारीची भाकरी, कांदा, दोघींचे दोनशे चाळीस रुपये. भाजी तिखट आहे, आधी विचारून घ्या.

शेजारच्या बाकावरच्या पटकेवाल्या आजोबांनी सारिकाची चौकशी केली.

"काय शिकतीस, पोरी?"

"कलेचा इतिहास."

"म्हंजे चित्रं काढायची?"

"न्हाई आजोबा, दुसऱ्यानं काढलेली बघायची."

"बघायला कालेज लागतंय?" आजोबा मनापासून चकित झाले. "आन नोकरी?"

"ती बी बघायचीच."

सगळी बस हसली. सारिकाही हसली.

अंबाजोगाईला साध्या लॉजवर नऊशे रुपयांत खोली मिळाली, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच. ऊन उतरायच्या आत हत्तीखाना पाहून घेतला. ही खडकात खोदलेली लेणी, समोर दगडी हत्ती. मी आधी दोनदा येऊन गेले होते, पण सारिकासोबत बघणं वेगळं होतं. ती हत्तीच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "छिन्नी कुठून कुठे गेली ते बघा." मग मला ते दिसायला लागलं. तिला हे कुणी शिकवलं, म्हणून विचारलं.

"कॉलेजनं नावं शिकवली. बघायला आईनं शिकवलं."

तिच्या घरी शेळ्या-मेंढ्या. वाडीतले पुरुष कळप घेऊन निघण्याआधी वीरगळाला तेल-शेंदूर लावतात. बायका वीराला हात लावत नाहीत. त्या वाकून खालच्या एका उंचवट्याला बोटभर कुंकू लावतात आणि म्हणतात, बाई, वाटंला संगं ऱ्हा. लहानपणी कुंकू लावताना सारिकाच्या बोटाला तिथे डोकं लागायचं, खांदा लागायचा, काठी लागायची. दुसऱ्या वर्षी वर्गात वीरगळांचे फोटो दाखवले तेव्हा ती प्रत्येक फोटोत ती बाई शोधत होती. एकाही दगडावर सापडली नाही. तेव्हा तिला कळलं, आपल्याकडे काय आहे.

शुक्रवारी जीपने घाटनांदूर, माणशी पन्नास रुपये, पुढे वाडीपर्यंत ओळखीची रिक्षा. दोन्ही बाजूंनी ज्वारी हुरड्यावर आलेली. वाडीच्या तोंडाशीच सारिकाचे वडील उभे होते. आबा उंच, वाळलेले, नवं धोतर नेसलेले.

"आधी चहा न्हाई, मॅडम," आबा म्हणाले. "आधी देव बघा."

लिंबाखाली नवा सिमेंटचा ओटा, त्याला पांढऱ्या फरशा, आणि ओट्यावर वीरगळ. लांबूनच चमकत होता. गाई पांढऱ्याशुभ्र, शिंगं लाल. वीराला पिवळं अंग, काळ्या मिशा. वरचं शिवलिंग निळं.

भोवती चार-पाच जण जमले. एकजण म्हणाला, "आता कसं, टीव्हीतल्यावानी दिसायलंय!"

"घाटनांदूरचा पेंटर आनला," आबा सांगत होते. "डेअरीच्या पाट्या रंगवतो, लई हात चांगला हाय त्याचा. आधी मशीनीनं समदं घासून घेतलं. पाक गुळगुळीत केलं, मग भेगांत लांबी भरली, मग रंग. तूच म्हनली होतीस ना दिवाळीला, दगड मोलाचा हाय, नीट संभाळा. मग आता फोनवर म्हनलीस, मॅडम फोटू काढायला येनार हायेत."

सारिका ओट्यापाशी गेली. खाली वाकली. गाईंच्या मागे, जिथे उंचवटा होता, तिथे आता तपकिरी वासरू होतं. ठिपक्याठिपक्यांचं, टपोऱ्या डोळ्यांचं.

"ते जरा फुटलेलं होतं," आबा म्हणाले. "काय हाय ते कळंना. मीच म्हनलं पेंटरला, गाई हायेत तर वासरू कर."

सारिकाने वासरावरून बोट फिरवलं. दोनदा, तीनदा. मी तिच्याकडे बघत होते आणि आबा माझ्याकडे.

"कसं वाटलं, मॅडम?"

"मेहनत खूप घेतलीय," मी म्हटलं. ते खरं होतं.

"छान झालंय, आबा," सारिका म्हणाली. "लई छान झालंय."

रंग काढता येईल का, हे मी तिला नंतर, एकटी असताना विचारलं. "रंग निघंल, मावशी. पण मशीननं दगडच खाल्लाय. रंगाखाली काही उरलंय असं वाटत नाही." मग म्हणाली, "चूक माझी. नीट संभाळा म्हणाले, हात लावू नका म्हणायचं राहिलं."

रात्रीच्या जेवणाआधी तिच्या आई चुलीपुढे बसल्या. तव्यावर भाकरी टाकताना खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी शेळ्यांमागं गेलते तवा. सांजच्याला आले तर समदं घासून झालं होतं."

"मग आबाला बोलली कावून न्हाईस?"

"काय बोलू? चार दिस झाडाखाली बसून राबला गं तुजा बाप. माजी पोरगी मोठी व्हनार म्हनून समद्या वाडीला सांगत होता." त्यांनी भाकरी उलटली. "त्यास्नी ठावंच न्हाई तिथं कोन हाय ते. बाप्यांनी कदी वाकून बघितलंय का?"

तरी शनिवारी उजाडताच मी कॅमेरा घेऊन गेले. दगडाचं तोंड दक्षिणेला, त्यामुळे हिवाळ्यातलं कोवळं ऊन अगदी हवं तसं तिरपं पडलं. ते ऑइल पेंटवर नुसतं चमकलं. आबा अंगरखा घालून ओट्याशेजारी उभे राहिले, त्यांचा आणि सारिकाचा फोटो काढला. तेवढ्यात आई शेळ्या घेऊन निघाल्या. ओट्यापाशी थांबल्या, पदर घेतला, वाकल्या आणि वासराला कुंकू लावलं. ओठ हलले, शब्द मला ऐकू आले नाहीत.

निघताना आबांनी हुरड्याची पिशवी दिली आणि सारिकाला विचारलं, "झालं का गं काम?"

"झालं, आबा."

त्या भागात गेलात तर हत्तीखाना जरूर बघा. पुढे धर्मापुरीचं केदारेश्वराचं देऊळही बघा, बाहेरच्या भिंतीवरच्या दगडी बायकांसाठी अर्धा दिवस ठेवा. वाडीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. आबांना कुणी जाऊन काही सांगू नये, एवढंच.

सारिकाने शेवटी धर्मापुरीवरच निबंध लिहिला. त्या देवळावर आधीच पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यामुळे तीन आठवड्यांत तो पुरा झाला. वाडीच्या वीरगळावरची तिची बावीस पानं माझ्याकडे आहेत, माझ्या लाल पेनच्या खुणांसह. तिने ती परत मागितली नाहीत, मीही विषय काढत नाही.

फोटो मात्र ती बघायला आली होती. आबांसोबतचा घरी पाठवला. बाकीचे भरभर पुढे सरकवत एका फोटोवर थांबली. आई वाकलेल्या आहेत, बोट कुंकवाचं, आणि त्या हाताआड वासरू पूर्ण झाकलं गेलंय. फक्त गाई दिसतात आणि त्यांच्या मागे एक बाई.

तेवढाच एक तिने छापून नेला.