दोघांचं पाणी

ट्रॅक्टर उलटून कमरेखालचं अंग गेलं, तेव्हापासून मी देवाशी बोलणं टाकलं होतं. घरातल्यांशी बोलायचो तेही खेकसूनच. बायको किती दिवस मागं लागली होती, म्हणून शेवटी यवतच्या आतल्या बाजूला असलेल्या महादेवाला जायला कबूल झालो. जुनं दगडी कुंड, उन्हाळ्यातही न आटणारा झरा, भोवती बाग, आणि आता वर देवळापर्यंत व्हीलचेअरसाठी रॅम्पही केलाय, असं ती सांगत राहायची. मी अट घातली. खुर्चीला तिनं हात लावायचा नाही, आणि कुणी माझी कीव केली तर पुन्हा मी घराबाहेर पडणार नाही.

तिथली रीत अशी, की गोमुखातून पडणारं पाणी आपल्या हातानं भरायचं आणि वर नेऊन पिंडीवर घालायचं. मी तांब्या भरून मांडीत घेतला. बायकोला चिंचेखाली बसवलं आणि पलीकडं तोंड करून बस म्हणालो. ती मुकाट्यानं बसली. निम्म्या चढावर माझे दंड भरून आले. तेवढ्यात मागून कुणीतरी खुर्ची धरली. वळून पाहतो तर एक अनोळखी म्हातारी. माझं डोकंच फिरलं.

"आजी, हात काढा! तुमची दया नको मला."

"कसली दया रं? माझं गुडघं गेल्यात. कठडा उन्हानं तापलाय, हात लावू देत न्हाई. मघाधरनं हितं निम्म्यावर अडकून बसलीय, कुणी खुर्चीवालं आलं तर धरून चढंन म्हून. ह्यो तांब्या धर आन् चल, थांबू नगंस."

तिनं आपला भरलेला तांब्या माझ्या मांडीत ठेवलासुद्धा. मला लाज वाटली. मी चाकं फिरवू लागलो, ती मागं खुर्चीवर भार टाकून चालत होती. खुर्ची जड झाली होती की हलकी, ते आजही सांगता येणार नाही. मांड्यांना काही कळत नाही, पण पोटाला दोन्ही तांब्यांचा गारवा लागत होता.

पिंडीवर पाणी घालताना ती म्हणाली, "महादेवानंच धाडला बघ तुला." मनातून मी पाय मागायलाच गेलो होतो. तिच्यापुढं ते मागणं जमलं नाही. नुसते हात जोडले.

बाहेर येऊन खाली पाहिलं. बायको अजून पलीकडंच तोंड करून बसली होती. म्हातारीवर ओरडलो त्याची लाज होतीच, पण हे बघून माझी मान खाली गेली. उतारावर खुर्ची एकट्याला आवरत नाही. मी हाक मारली, "वर ये गं. मला जरा धर."

ती अनवाणीच धावत आली.

म्हातारीचं गाव विचारायचं राहून गेलं. महादेवाची कृपा, आता आम्ही दर सोमवारी जातो. बायको खुर्ची धरते, आणि दोघांचे तांबे माझ्या मांडीत असतात.