कांड्यांच्या पेटीतला सूर

अक्कलकोट रोडच्या शेडमधले शेवटचे सोळा माग बंद झाले, त्या दिवशी सगळ्यांनी मिळून चहा घेतला आणि जो तो म्हणाला, किती शांत वाटतंय. कल्लप्पा कोरेला काही शांत वाटेना. चहाचा कप तोंडाला लावताना त्याच्या ध्यानात आलं की आपल्या डाव्या कानात शिट्टी वाजतेय. बारीक, सरळ, कुठंही न तुटणारी. कुकरची म्हणावी तर कुकरला दम लागतो. हिला दम म्हणून नव्हता.

कल्लप्पा मूळचा मैंदर्गीचा. एकतीस वर्षं तो सोलापुरात चादरींच्या मागांवर जॉबर होता, म्हणजे बिघडलेला माग चालू करणारा माणूस. बिघाड तो डोळ्यांनी नाही, कानांनी शोधायचा. एवढ्या दणदणाटात शेडच्या दारात उभं राहून सांगायचा, सातव्याचा धोटा घासतोय. जाऊन बघावं तर खरंच सातव्या मागाचा, आडवं सूत नेणारा धोटा घासत असायचा. त्याच कानानं आता असा दावा साधला होता.

नुसती शिट्टी असती तर त्यानं सोसली असती. अडचण झाली ती पूजेत. घर लिंगायत. रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला भस्माच्या तीन रेघा ओढून, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्याकडे बघत गप्प बसायचं, हे तो बाराव्या वर्षापासून करत आलेला. शेडची पाळी कोणतीही असो, ती वीस मिनिटं कधी चुकली नव्हती. आता लिंग हातावर घेतलं आणि घर शांत झालं की शिट्टी अशी वर यायची की समोरचं लिंग डोळ्यांना दिसायचं, पण मनाला दिसायचं नाही. आधी तो दहा मिनिटांत उठायला लागला, मग दोन मिनिटांत. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा आली तोवर नुसता नमस्कार करून ताटावर बसायची वेळ आली.

बायको श्रीदेवी हे सगळं बघत होती. नवरा पूजेवाचून जेवतोय हे बघून तिला कसंसंच व्हायचं. पण बोललं तर त्याला आणखी टोचेल, म्हणून ती गप्प राहायची. देवापुढं दिवा लावताना मात्र ती रोज एकच मागायची, ह्यांची ती वीस मिनिटं परत दे.

कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. म्हणाले, इतकी वर्षं यंत्रांत काढलीत, आतली नस दुखावलीय. शिट्टी जाईल असं मी सांगत नाही, पण तिच्याकडं लक्ष जाणार नाही असं करता येतं. घरात बारीक आवाज चालू ठेवत जा. कल्लप्पानं पंखा लावून बघितला. शिट्टी पंख्याच्या वर जाऊन बसली.

मग पुण्याला नोकरीला असलेल्या लेकीनं, ऋतुजानं, फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं. त्यात शेकड्यांनी आवाज होते, समुद्राचे, पाखरांचे, घंटांचे, काय पाहिजे ते. दोन दिवस कल्लप्पा नुसता निवडतच बसला. एक लावावा तर वाटायचं पुढचा बरा असेल. तिसऱ्या दिवशी त्यानं ते काढून टाकलं. पण लेकीनं आणखी एक व्हिडिओ पाठवला होता, तो त्यानं तीनदा बघितला. कुठले कुठले लोक घरी बसून आवाजाची यंत्रं बनवत होते. वेगवेगळे डबे, आणि या डब्यातून त्या डब्यात जाणाऱ्या रंगीत वायरी. वायर बदलली की आवाज बदलायचा. ऋतुजानं नाव सांगितलं, मॉड्युलर सिंथेसायझर. कल्लप्पाला नावाशी देणंघेणं नव्हतं. त्याला दिसला तो माग. ताण्याचे धागे असेच तर इकडून तिकडे जातात.

नव्या पेठेच्या मागच्या बोळात सिद्धप्पा म्हणून त्याचा जुना दोस्त रेडिओ दुरुस्त करतो. हल्ली रेडिओ कोण आणतंय, म्हणून तो बहुतेक वेळ वर्तमानपत्र वाचतो. कल्लप्पानं त्याला व्हिडिओ दाखवला, नाव सांगितलं. सिद्धप्पा म्हणाला, हे औषधाचं नाव वाटतंय. आणि मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,

"लोकांच्या रेडिओतली खरखर काढण्यात माजी चाळीस वर्षं गेली. आन तू खरखर मागायला आलास व्हय?"

पण त्याच दुपारी त्यानं जुन्या रेडिओंची बटणं, पाट्या, चिपा असं काय काय काढून टेबलावर पसरलं. म्हाताऱ्या माणसाकडं कुणी काम घेऊन आलं की त्याचा राग लटकाच असतो.

शेड मोडताना कल्लप्पानं आठवण म्हणून एकच वस्तू घरी आणली होती, कांड्या ठेवायची लाकडी पेटी. सुताच्या कांड्या तिच्यात उभ्या राहायच्या. तिला सहा खण होते. दोघांनी मिळून एकेका खणात एकेक काम बसवलं. पहिल्या खणात सूर निघायचा, बटण फिरवलं की वर-खाली व्हायचा. दुसरा त्याला लहान-मोठा करायचा. तिसरा त्याची थरथर निम्मी करायचा, म्हणजे सूर तोच, पण एक सप्तक खाली. चौथा तेच पुन्हा आणि पुन्हा करायचा. पाचवा मोजायचा, एक दोन तीन चार, आणि चारला एक खटका द्यायचा. सहाव्यात स्पीकर. वायरी सिद्धप्पानं टेलिफोनच्या जुन्या केबलमधून सोलून काढल्या. विजेचा भरवसा नाही म्हणून सगळं चालायचं ते खाली बसवलेल्या स्कूटरच्या बॅटरीवर.

पाचव्या खणावर कल्लप्पाचा भारी जीव. तीन आठवडे घासून त्यानं त्यातून मागाचा आवाज काढला होता, खटक-खट, खटक-खट. श्रीदेवी हसून म्हणाली, शेड बंद झाली म्हणून सुटले वाटलं, तर तुमी ती घरातच आणली की.

मधे एकदा त्याला हाव सुटली. सहा खण कमी वाटायला लागले. सिद्धप्पाकडून दुसरी पेटी आणून जोडली, खण बारा झाले. आठवडाभर तो वायरींच्या जंजाळात बसून राहिला. सगळं वाजत होतं आणि एकही आवाज धड नव्हता. त्या आठवड्यात जेवायलाही हाका माराव्या लागत होत्या. एका दुपारी श्रीदेवी ताट घेऊन आली, तर ताट ठेवायला जागा नाही. तिनं, पंगतीत वाढप्याला थांबवावं तसा, त्या पसाऱ्यावर तळहात आडवा धरला आणि कानडीत एवढंच म्हणाली, "साकु." पुरे.

कल्लप्पानं बघितलं तिच्याकडं. मग दुसरी पेटी सोडवून सिद्धप्पाकडं देऊन आला. तेव्हापासून नियम झाला की जे करायचं ते सहा खणांत. नवं काही सुचलं तर जुनं काहीतरी काढायचं. गंमत म्हणजे त्यानंतर त्याचे हात भराभर चालायला लागले. मागावर असंच असायचं. चादरीची रुंदी ठरलेली, सुताचे रंग ठरलेले, नक्षी त्यातच बसवायची. रुंदी वाढवून कुणी नक्षी चांगली करत नाही.

आता मूळ काम. पहिल्या खणाचं बटण हळूहळू वर नेत नेत त्यानं कानातल्या शिट्टीपर्यंत पोचवलं. एका जागी पेटीतला आवाज आणि कानातला आवाज असे एकात एक गेले की कुठला कुठला ते कळेना. त्यानं हाक मारून श्रीदेवीची टिकली मागितली आणि बटणाच्या त्या जागी चिकटवली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच ती शिट्टी बाहेर, दुसऱ्या माणसाला ऐकू येईल अशी वाजत होती. श्रीदेवीनं कानावर हात ठेवले. "येवढी?" ती म्हणाली. "रोज येवढी?" आणि आत जाऊन उगीचच भांडी लावत बसली.

एवढा वरचा सूर कोण ऐकणार, म्हणून त्यानं तो निम्मा केला, परत निम्मा, परत निम्मा, गळ्यातून निघेल इतका खाली आणला. त्याचा हिशेब सरळ होता. भजनात हार्मोनियमवाला एक सूर धरून ठेवतो, कधी सोडत नाही, तो सा. माझ्या कानात एक सूर कधी सुटत नाही, तोही सा. त्या ‘सा’ला धरून त्यानं सगळं लावलं. आणि रोज सकाळी ते चालू करून, भस्म लावून, लिंग हातावर घेऊन बसून बघितलं.

जमेना. शिट्टी बोचायची कमी झाली, हे खरं. पण शिडी भिंतीला नीट टेकलेली नसली की वर चढलेला माणूस कसा अंग चोरून उभा राहतो, तसं त्याचं व्हायचं. सात मिनिटं, आठ मिनिटं, की उठलाच. वैशाख गेला, आषाढ गेला. सिद्धप्पा म्हणाला, मोठी पेटी करू, आणखी सूर घालू. कल्लप्पा नको म्हणाला. पण आता आपल्याला हे जमणारच नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. एकदा पेटीवर फडकं टाकून त्यानं ती कपाटावर ठेवूनही दिली.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी बायकांच्या मंडळाची हार्मोनियम बिघडली. भात्याला उंदरानं भोक पाडलं होतं. संध्याकाळी देवळात भजन, आणि श्रीदेवीला एक पद म्हणायचं होतं. दुपारी तिनं सूप पुढ्यात घेतलं, ज्वारी निवडायला बसली आणि म्हणाली, री, तुमची ती पेटी काढा, मला जरा सूर द्या. कानडी घरात नवऱ्याला अशीच हाक मारतात, री.

कल्लप्पानं पेटी खाली घेतली, फडकं काढलं, त्याचा सा लावून दिला.

श्रीदेवीनं सूर धरला. पद सुरू केलं, थांबली. परत सुरू केलं. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज आपोआप घसरून खाली गेला आणि तिथं घट्ट बसला. तिसऱ्यांदाही तेच झालं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"री, हा सा न्हाय," ती म्हणाली. "हा पंचम हाय."

"कानात तर ह्योच वाजतोय."

"वाजतोय म्हणून काय सा झाला? तंबोऱ्याची पयली तार कशाची असती? पंचमाची. ती वाजली म्हणजे सा कुटं जात न्हाय, खाली असतोच. तुमी पंचमाला सा म्हणून बसलाय, मग डोकं फिरंल न्हाय तर काय हुईल."

 तिनं तोच खालचा सूर पुन्हा लावला, नुसता सा, तोंड उघडून. पेटीतला सूर वर, तिचा खाली. आणि त्याला त्याच्या स्वतःच्या कानात काहीतरी सरकल्यासारखं झालं. शिट्टी होती तिथंच होती, पण आता ती अधांतरी नव्हती.

"थांबू नको," तो म्हणाला. "धरून ठेव."

हा सा पेटीतून काढायचा तर दुसरा सूर पाहिजे, आणि सहाही खण भरलेले. आजवर त्यानं निम्मंच करत आणलं होतं. निम्मं केलं की तोच सूर खाली येतो, दुसरा कधी येत नाही. त्याची नजर पाचव्या खणावर गेली, तो मोजणारा खण. मागाचा आवाज काढणारी वायर त्यानं उपटली आणि खटक-खट बंद पडलं. तिथं सूर घातला, तर चारावर मोजून पुन्हा तोच सूर, खालचा. श्रीदेवी श्वास घ्यायला थांबली, परत सा लावला. त्यानं ठोका चारावरून दोनावर आणला. तरी तोच. मग तीनावर.

तीनावर आणला तशी श्रीदेवी गाता गाता थांबली. कारण तिचा सा आता पेटीतून येत होता.

थोडा वेळ दोघंही नुसतं ऐकत बसली. सुपातल्या ज्वारीवर चिमणी येऊन गेली तरी तिनं हाकलली नाही. मग कल्लप्पानं पेटीवर तळहात आडवा धरला आणि म्हणाला, "साकु."

सिद्धप्पाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ कागदावर आकडे मांडत राहिला. म्हणाला, बरोबर हाय, पंचमाचा तिसरा हिस्सा म्हणजे सा. आपण दोघं येड्यासारखं निम्मं-निम्मं करत बसलो. श्रीदेवीला आकड्यांतलं कळलं नाही, पण तीन म्हटल्यावर तिला बरं वाटलं. बेलाच्या पानासारखं. मागाचा आवाज मात्र गेला तो गेला. त्या खणाला आता दुसरं काम होतं. कल्लप्पाला त्याची चुटपुट लागली, नाही असं नाही, पण खणांचा नियम मोडून तो परत बसवायचं त्याच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी पेटी बारीक लावून तो बसायला लागला. बारा मिनिटं. पंधरा. श्रीदेवी स्वयंपाकघरातून घड्याळ बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची.

श्रावण संपता संपता एका सकाळी ती भाकरी थापत होती. कल्लप्पा बसलेला, पेटी चालू. परातीवर थाप पडली आणि मधेच तिला जाणवलं की काहीतरी कमी झालंय. पेटीचा आवाज नव्हता. बॅटरी उतरली असणार. तिचे हात तिथंच थांबले. आता उठतील, तिला वाटलं, आता पाट सरकल्याचा आवाज येईल. उभ्या जागेवरून सा लावावा म्हणून तिनं तोंडही उघडलं, पण मग तसंच मिटलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी तिनं गॅस बंद केला, वास घरात भरू नये म्हणून खिडकी उघडली, आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

पाट सरकला तेव्हा वीस मिनिटांवर आणखी दोन झाली होती.

कल्लप्पा आत आला. कपाळावर भस्माच्या तिन्ही रेघा सरळ, लिंग परत गळ्यात. ताटासमोर बसत त्यानं मागं वळून पेटीकडं बघितलं.

"अगं, ती बंद कदी पडली?"

"मला काय म्हाईत," श्रीदेवी म्हणाली, आणि त्याला तोंड दिसू नये म्हणून ओट्याकडं वळली. "मी काय तुमच्या पेटीकडं कान लावून बसते व्हय? आज एक भाकरी करपलीय बघा. तेवढी मी खाते."

"करपली? तुजी?"

"व्हय. एकांदी करपती."

त्यानं पहिला घास तोडला. जेवण झाल्यावर बॅटरी चार्ज करायला न्यावी का, असं तिनंच विचारलं. तो म्हणाला, न्यावी की, पण आज काही घाई नाही.